धाकटीचा रिपोर्ट

"तू आधी बस," अक्का म्हणाल्या आणि दंडाला धरून त्यांनी मला रांगेत स्वतःच्या पुढं घातलं.

"अहो, असं कसं? तुम्ही थोरल्या," मी म्हटलं.

"थोरली आहे म्हणूनच सांगतेय. तोंड बघ केवढंसं झालंय. इथं चक्कर येऊन पडलीस तर हळदीकुंकू राहील बाजूला आणि तुला उचलून न्यायची पाळी माझ्यावर. आणि तू काय फुलासारखी हलकी आहेस व्हय?"

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. मलाही हसू आलं. रथसप्तमीच्या आधीचा शनिवार होता आणि तासगावच्या एका मंगल कार्यालयात आम्ही दोघी जावा उभ्या होतो. महिला मंडळानं त्या वर्षी नवंच खूळ काढलं होतं. दरवर्षी वाण म्हणून स्टीलची वाटी नाहीतर प्लास्टिकचा डबा मिळायचा. यंदा प्रत्येकीची थायरॉइडची तपासणी फुकट. "अगं बाई, वाण घ्यायचं असतं का द्यायचं असतं?" असं म्हणत एकेक जण खुर्चीवर बसत होती, दंडाला रबर बांधून घेत होती आणि उठताना हळदीकुंकू आणि तिळगूळ घेऊन जात होती.

मी बसले. चष्मेवाल्या बाईनं समोरच्या खोक्यातली पुढची नळी उचलली.

"जमदाडे ना?"

"हो."

सुई टोचली, रक्त आलं, मी कापूस धरून उठले आणि माझ्या जागी अक्का बसल्या. त्यांच्या खांद्यावर भर दुपारी शाल होती. त्या हिवाळ्यात त्यांना थंडी फार वाजायची, पण अक्कांकडं बघायला तेव्हा वेळ कुणाला होता? घरातलं आजारी माणूस मी होते. म्हणजे, मी म्हणत होते की मी आजारी आहे. बाकीच्यांचं म्हणणं निराळं होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी मला चिकनगुनिया झाला. ताप गेला, सांधे हळूहळू सुटले, पण अंगातलं बळ जे गेलं ते परत आलंच नाही. चांगली चौतिशीतली बाई मी, आणि दोन बादल्या धुणं धुतलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात. झोपले तरी झोप लागल्यासारखं वाटायचं नाही. बोलता बोलता शब्द सुचायचे नाहीत. रक्त तपासलं, साखर तपासली, छातीचा फोटो काढला, सगळं नॉर्मल. थायरॉइड तेवढा राहिला होता. आमचे डॉक्टर उपळावीकर चिठ्ठी लिहून द्यायचे आणि "आता आणि किती सुया टोचून घेणार ही" म्हणून आत्या ती चिठ्ठी चहाच्या डब्याखाली सारून द्यायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या मते मला एकच रोग होता, आणि तो त्या शेजारणींना माझ्यासमोरच सांगायच्या.

"धाकटीला कामाचा कंटाळा हाय. सोंग हाय निव्वळ. थोरलीकडं बघा."

थोरली म्हणजे अक्का. इंदुमती जमदाडे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. आमच्या द्राक्षाच्या बागा होत्या, बेदाण्याची शेड होती, आणि हंगामात वीस-वीस बायका कामाला असायच्या. त्या सगळ्यांवर अक्कांचा हुकूम चालायचा. मला मात्र त्या कधी टाकून बोलल्या नाहीत. माझ्या वाटचं काम न बोलता ओढून न्यायच्या. तरी खरं सांगते, त्यांनाही मी आजारी आहे असं वाटत नव्हतं. त्या फक्त स्वभावानं चांगल्या होत्या.

आणि आमचे हे? ते काही बोलायचे नाहीत. पण सकाळी दहाला मी अंथरुणात दिसले की दारातूनच "शैला, ऊठ की आता" म्हणायचे, आणि त्या 'की'मध्ये सगळं यायचं. कुणीतरी एकदा म्हणावं, शैला, तुला बरं नाही, पड जरा. एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी एखादा मोठा रोगसुद्धा आनंदानं घेतला असता. लाज वाटते सांगायला, पण देवापाशी मी तेच मागत होते.

देवानं ऐकलं. मंगळवारी रिपोर्ट आले.

उपळावीकर डॉक्टर माझा कागद वाचून खुर्चीतून उठलेच. "सापडलं, शैलजाताई! पाचच्या आत हवा असतो तो आकडा अठ्ठेचाळीस आलाय. दोन वर्षं तुम्ही जे सांगताय ते यानंच."

मी रडायलाच लागले. डॉक्टरांनी माझी नाडी बघितली, डोळ्यांखाली दाबून बघितलं, हातापायांची कातडी बघितली. "अंगावर फारसं दिसत नाही हो," ते म्हणाले. "इतका आकडा असला की तोंड सुजतं, नाडी मंदावते. पण होतं असं कधीकधी." आणि त्यांनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची शंभरची गोळी लिहून दिली.

अक्कांचा रिपोर्ट एक पॉइंट नऊ. एकदम नॉर्मल. "बघ, म्हशीसारखी तब्येत आहे माझी," म्हणून त्या खुशीत हसल्या, आणि मग त्यांनी माझा कागद हातात घेतला. "दोन वर्षं तू हे अंगावर काढलंस, बाई. यंदा शेडवर पाऊल टाकायचं नाहीस. मी बघते सगळं."

घराचा नूरच पालटला. आत्यांनी माझा रिपोर्ट सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला, म्हणजे घरातला सगळ्यांत महत्त्वाचा कागद झाला तो. आणि गल्लीत सांगत सुटल्या, "आमच्या धाकटीला थायराड निघालाय. चांगला अठ्ठेचाळीस!" जणू दहावीला पोरगी पहिली आली. यांनी तर कमालच केली. संध्याकाळी माझ्याजवळ बसले, बराच वेळ पायाचा अंगठा बघत राहिले, आणि म्हणाले, "मी तुला उगाच बोलत होतो."

त्या एका वाक्यावर मी आठ दिवस उड्या मारल्या. पहिले पंधरा दिवस खरंच बरं वाटलं. मी चपात्या लाटल्या, वाळवणाचं सामान काढलं, एकदा तर बाजारात जाऊन आले. सगळे म्हणाले, गोळी लागू पडली. आता मी म्हणते, गोळी कसली, तो कागद लागू पडला होता.

मग छाती धडधडायला लागली. बसल्या बसल्या. कपबशी उचलली की हात थरथरायचा आणि बशीत चहा सांडायचा. झोप पार उडाली. थकवा जिथल्या तिथंच, वर हे. मी कुणाला काही बोलले नाही. कसं बोलणार? घरात माझा मान गोळीनं आणला होता.

सहा आठवड्यांनी फेरतपासणी होती. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरांकडं गेले.

उपळावीकरांनी नवा रिपोर्ट दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"गोळी एकच घेता ना? दोन नाही ना?"

"एकच."

"छाती धडधडते?"

"हो."

"हात पुढं करा." माझी बोटं थरथरत होती. ते बघून त्यांनी खुर्ची मागं सारली. "शैलजाताई, आकडा शून्य पॉइंट शून्य आठवर आलाय. अठ्ठेचाळीसवरून या गोळीनं इतकं खाली जात नाही. जिचा थायरॉइड धडधाकट आहे तिला गोळ्या चारल्या तर असं होतं. तो पहिला रिपोर्ट तुमचा नसावा."

"असं कसं? नाव माझंच आहे."

"नळीवर नाव कुणी घातलं होतं? तुम्हाला विचारून घातलं?"

आणि मला लख्ख दिसलं. चिठ्ठ्या आधीच लिहून चिकटवलेल्या होत्या. मंडळाच्या सेक्रेटरी बाईंनी यादी केली होती, आणि आपल्याकडं यादी कशी होते ते सांगायला नको. ओवाळायला थोरली आधी, पंगतीला थोरली आधी. सौ. जमदाडे थोरल्या, त्याखाली सौ. जमदाडे धाकट्या. नळ्याही त्याच क्रमानं खोक्यात. थोरल्या जावेच्या आधी धाकटी खुर्चीवर बसेल हे त्या हॉलमध्ये कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. बाईनं विचारलं, जमदाडे ना? मी म्हटलं, हो. आणि माझं रक्त अक्कांच्या नळीत गेलं, अक्कांचं माझ्या.

"तुमच्या पुढं-मागं कोण होतं?" डॉक्टर विचारत होते. "त्या बाईला शोधायला हवं. चूक माझीही आहे, मी पुन्हा तपासूनच गोळी सुरू करायला हवी होती. पण ती जी कोण आहे ती बिनऔषधाची फिरतेय. हे दुखणं वाढत गेलं तर जिवावर बेततं."

"गर्दी होती हो," मी म्हटलं. "काही आठवत नाही मला."

असं बोलले मी. माझ्या या तोंडानं.

डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली. महिन्याभरानं पुन्हा तपासू म्हणाले, आणि मंडळाकडं निरोप पाठवतो, सगळ्यांनी फेरतपासणी करून घ्या म्हणून. तो निरोप मंडळाकडं गेला, आणि हंगामाच्या धांदलीत तिथंच राहिला. मी मुकाट घरी आले.

मला कसलं दुखणं होतं ते कळायला पुढं सहा वर्षं गेली. मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंनी तासभर सगळं ऐकून घेतलं आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम असं कागदावर लिहिलं. यात थायरॉइडचे आकडे चांगलेच येतात, लोक तरी त्याच्या गोळ्या घेतात आणि छाती धडधडून घेतात, उपयोग काही नसतो, असंही त्या म्हणाल्या. पण हे पुढचं. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं, की अठ्ठेचाळीस गेला की मी पुन्हा आळशी. आत्यांचं सोंग परत, यांचा तो 'की' परत. जेमतेम दीड महिना मला कुणी माणसात धरलं होतं. ते मी सोडणार नव्हते.

एकोणीस दिवस मी गप्प बसले. रोज सकाळी आत्यांच्या देखत गोळी हातावर घ्यायची, पाण्याचा घोट घ्यायचा, आणि न्हाणीत जाऊन थुंकायची. आणि रोज अक्कांना बघायचं.

आता बघायचं म्हटल्यावर सगळंच दिसायला लागलं. तोंड सुजलेलं, डोळ्यांखाली पिशव्या. भुवया बाहेरून विरळ झालेल्या. केस विंचरले की कंगव्यात झुबके. आवाज तर इतका घोगरा झाला होता की शेडवरच्या बायका चेष्टा करायच्या, "अक्का, पार पाटलासारखा आवाज झालाय, मिशा तेवढ्या लावा." अक्काही हसायच्या, पण उशिरानं, जणू चेष्टा त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा. चैत्राच्या उन्हात, जिथं आम्ही पदरानं वारा घ्यायचो, तिथं त्या स्वेटर घालून बसायच्या. आणि हंगाम ऐन भरात. द्राक्षं शेडवर येत होती, जाळ्यांवर पसरायची, वाळला की बेदाणा झाडायचा, निवडायचा. माझ्या वाटचं कामही त्यांच्याच गळ्यात, कारण मी आजारी.

सातव्या-आठव्या दिवशी आत्या शेडवरून तणतणत आल्या.

"थोरली डोळं झाकून बसली हुती! वीस बायका बघत्यात, बेदाण्यात काड्या तशाच, आन ही बसल्या जागी पेंगतीया. धाकटीला खरा आजार हाय, हिला काय धाड भरलीया? तिचं बघून सोंग घ्याया लागलीया दुसरं काय!"

सोंग. माझा शब्द उचलून त्यांनी अक्कांना दिला होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. तरी बोलले नाही. एक पळवाट मात्र शोधली. संध्याकाळी अक्कांना म्हटलं, "चला ना, डॉक्टरांना दाखवून येऊ. तुमचं तोंड सुजल्यासारखं दिसतंय."

"दोन महिन्यांपूर्वीच तर तपासलंय. नॉर्मल आहे."

"तरी पण."

"नको गं. हंगाम चाललाय."

आतून आत्या ओरडल्या, "घरात एक पेशंट बास झाला!"

झालं. पळवाट बंद झाली, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडं हायसंच वाटलं. मी विचारून बघितलं होतं ना? माणूस स्वतःला किती गोड समजावतं!

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर अक्का परातीपुढं खाली बसलेल्या. पीठ अर्धं मळलेलं. हात पिठात तसेच, आणि नजर भिंतीकडं.

"अक्का?"

त्यांनी मान वळवायलाही वेळ घेतला. "शैला, मला उठता येईना गं."

मी खाली बसले. "पाय दुखतायत?"

"दुखत काहीच नाही. जीवच होत नाही. चार दिवस झाले, सकाळी डोळे उघडले की पहिला विचार येतो, आता रात्र कधी होणार." त्या तशाच घोगऱ्या आवाजात बोलत होत्या, शब्द सावकाश येत होते. "तुला एक विचारू? आत्या म्हणतात ते खरं असेल का गं? तुझं बघून मलाही पडून राहावंसं वाटायला लागलं असेल? तुला तरी कारण आहे. माझा रिपोर्ट नॉर्मल आहे. म्हणजे मला काही झालेलं नाही. म्हणजे मीच आळशी झालेय."

आणि अक्का रडल्या. सोळा वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. पिठाच्या हातांनी डोळे पुसता येईनात म्हणून पाणी तसंच गालावरून परातीत पडत होतं.

मला वाटलं, धरणीनं मला पोटात घ्यावं. ही बाई स्वतःला माझ्या नावाच्या शिव्या देत होती.

"तो रिपोर्ट तुमचा नाही," मी म्हटलं.

"कुठला?"

"नॉर्मलवाला. तो माझा आहे. अठ्ठेचाळीसवाला तुमचा आहे, अक्का. नळ्या बदलल्या. तुम्ही मला आधी बसवलंत ना, त्यात बदलल्या."

त्यांना कळायला वेळ लागत होता, आणि तो वेळ मला खायला उठला.

"म्हणजे... तुला थायरॉइड नाही?"

"नाही."

"मला आहे."

"हो."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. म्हणजे माझा नाही एवढं ते म्हणाले. तुमचा आहे हे मला कळलं."

"कधी?"

इथं मी खोटं बोलू शकले असते. काल म्हणाले असते तर कुणाला कळणार होतं? पण त्या पिठानं भरलेल्या हातांकडं बघून जमलं नाही.

"रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

अक्कांनी हात परातीत झाडले. भिंतीला धरून, गुडघ्यावर जोर देत उठल्या. मी हात पुढं केला तो त्यांनी बाजूला सारला.

"आत्यांना तू सांगतेस का मी सांगू?"

मी सांगितलं. सोप्यात, आत्या, आमचे हे, सगळ्यांसमोर. आत्यांनी सातबाऱ्याची पिशवी मागवली, माझा कागद काढला आणि त्यांना वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ तो डोळ्यांपुढं धरला.

"मग ह्ये कुनाचं?"

"अक्कांचं."

"आन तुझं?"

"माझं नॉर्मल."

"म्हंजे," आत्या म्हणाल्या, "तुला कायबी नव्हतंच."

मी यांच्याकडं बघितलं. यांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी अक्कांचं रक्त तपासलं. आकडा बासष्टवर गेला होता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन महिने असंच काढलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. माझ्याकडं त्यांनी एकदाच बघितलं, आणि मला ते बघणं पुरलं. गोळ्या सुरू झाल्या.

अक्का माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. भांडण नाही, टोमणा नाही. मीठ हवं असलं तरी आत्यांकडं मागायच्या. मला तेच योग्य वाटत होतं. मी स्वतःला शिक्षा म्हणून कामाला जुंपून घेतलं. शेडवर गेले, बेदाणा निवडला, पाणी भरलं. पाचव्या दिवशी जी पडले ती पडलेच. उन्हाळा सगळा अंथरुणात गेला. डोळ्यांना उजेड सहन व्हायचा नाही, बोललं की धाप लागायची. आणि दाराबाहेर आत्या सगळ्या गल्लीला ऐकवत होत्या की धाकटीचं पितळ उघडं पडलं, आता कुणाला दाखवायला झोपलीया? हे दारापर्यंत यायचे, "शैला, आता तरी..." म्हणायचे आणि पुढचं न बोलता जायचे. मी भिंतीकडं तोंड करायचे. खरं सांगू, त्या दिवसांत मलाही कधीकधी वाटायचं, असेलच सोंग. इतकी माणसं म्हणतायत.

मेच्या शेवटाला एकदा सकाळी अकराला दार वाजलं आणि अक्का आत आल्या. दीड महिन्यानं त्यांना नीट बघत होते. तोंडाची सूज उतरली होती, आवाज जागेवर आला होता, चाल पहिल्यासारखी. कॉटच्या कडेला बसल्या. माझ्या अंगावर हात ठेवला नाही.

"एकोणीस दिवस," त्या म्हणाल्या. "मी मोजलेत, शैला."

"हो."

"मेले असते तर?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलं नाही.

"ते मी विसरायची नाही. विसरले असं म्हणणारही नाही. पण मी दुसरंच सांगायला आलेय." त्या म्हणाल्या, "गोळी लागू पडली मला. परवा शेड झाडून काढली सगळी. आणि झाडता झाडता मनात आलं. दोन महिने माझ्या कागदावर नॉर्मल लिहिलेलं होतं."

"हो."

"मी नॉर्मल होते का?"

"नाही."

"मला उठवत नव्हतं. भाकरी थापताना रडायला यायचं. आणि मी रोज त्या कागदाकडं बघून स्वतःला शिव्या घालत होते. तो कागद माझा नव्हता हे पुढं कळलं. पण ज्या दिवशी कळलं नव्हतं त्या दिवशीही मी थकलेलीच होते की. कागद काही म्हणू दे." आता कुठं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग तुझ्या कागदावर नॉर्मल लिहिलंय म्हणून तू बरी कशी?"

मी उठायला गेले, त्यांनी खांद्याला धरून परत निजवलं.

"माझ्या थकव्याला गोळी निघाली. तुझ्याला निघाली नाही. म्हणजे तुझं माझ्याहून अवघड आहे," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

दार अर्धवट उघडं राहिलं होतं. स्वयंपाकघरात ताटलीचा आवाज झाला आणि पाठोपाठ आत्यांचा.

"कुनाचं ताट वाढतीयास?"

"शैलाचं. आत नेऊन देते."

"का? तिला काय पाय न्हाईत?"

"ती आजारी आहे."

"कोन म्हंतंय? कुठल्या रिपोर्टात आलंय?"

"मी म्हणतेय," अक्का म्हणाल्या.